कागदावरचं कुत्रं

उत्तमराव : ...मधे बोलू नकोस. तारीख चुकली की कागद परत येतो. सन तेराशे एकावन्न फसली, म्हणजे इंग्रजी बेचाळीस. महिना अर्दीबेहेश्त.

मंजुळा : साल मागून लिहा, मालक. आधी लेकराचं नाव लिहा. आज तिसरा दिवस हाय.

उत्तमराव : सालाशिवाय सरकारात पान हलत नाही, मंजुळे. "मी उत्तमराव, मौजे मजकूरचा पोलीस पाटील, दाखला लिहून देतो की..." हां. मुलीचं नाव?

मंजुळा : नर्मदा.

उत्तमराव : वय?

मंजुळा : ज्या साली पटकी आली अन् तिचा बाप गेला, त्या साली ती अंगावर पीत होती. तुमीच मोजा.

उत्तमराव : नऊ लिहितो. "नर्मदा, वय नऊ, बाप मयत, आई मंजुळाबाई, माझ्या हळदीच्या आवारात मजूर." कुठं चावलं?

मंजुळा : हाताला अन् गालाला. तुमी पाहिलंय की. तुमच्याच आवारात चावलं.

उत्तमराव : पाहिलं म्हणून लिहायचं नसतं. सांगितलं म्हणून लिहायचं असतं. "सोमवारी दुपारी हळद शिजवणं चालू असता, लाकडं घेऊन आलेला लखमा लमाण, राहणार तांडा, याच्या ढाण्या नावाच्या लमाणी कुत्र्यानं पिसाळून..."

मंजुळा : ढाण्यानं न्हाई.

उत्तमराव : काय?

मंजुळा : ढाण्या न्हाई चावला. जॉली चावला. तुमचा जॉली.

उत्तमराव : हळू बोल. माडीवर माणसं आहेत.

मंजुळा : माडीवर जॉलीबी हाय. परवापासून कोंडलाय. दाराला कुलूप काहून लावलं, मालक?

उत्तमराव : सर्दी झाली आहे त्याला.

मंजुळा : कुत्र्याला सर्दी!

उत्तमराव : विलायती जात आहे ती, नाजूक असते. तुला काय कळणार? तालुकदारसाहेबांच्या बेगमनं स्वतःच्या हातानं दिलंय ते पिलू मला. त्याच्या सात पिढ्यांचा कागद आहे माझ्या पेटीत. असली कुत्री पिसाळत नसतात. पिसाळतात ती उकिरड्यावरची आणि तांड्यावरची.

मंजुळा : सात पिढ्या आमाला आमच्या ठाव्या न्हाईत. पर रविवारी त्यानं दुधाच्या वाटीला पाठ केली, हे मला ठावं हाय. सोमवारी कढईखालची जळकी लाकडं चावून राहिला होता. लाळ गळून राहिली होती. अन् माझ्या येड्या पोरीनं त्याला रोजच्यासारखं मांडीवर घेतलं. तुमीच लावून दिलं होतं तिला त्या कामाला. जॉलीचे केस विंचर, त्याला सावलीत बसव, सांजच्याला एक भाकर घेऊन जा.

उत्तमराव : आणि ढाण्याच्या तोंडाला रक्त होतं ते? आवारातल्या चाळीस माणसांनी पाहिलं.

मंजुळा : ते जॉलीचं रक्त. ढाण्यानं त्याला मानगुटीला धरून उचलला अन् फेकून दिला. लखमाभाऊनं मधी हात घातला. न्हाईतर पोरीचा डोळा गेला असता. चाळीस माणसं ओरडा ऐकून आली. त्यांना मोठं काळं कुत्रं दिसलं, त्याच्या जबड्याला रक्त दिसलं, झालं! बारक्याकडं कोण पाहतंय?

उत्तमराव : तू एकटी म्हणतेस.

मंजुळा : मी एकटीच आधीपासून पाहून राहिले होते. माझं लेकरू होतं ना तिथं.

उत्तमराव : लमाणांची कुत्री कसली असतात, तुला माहीत नाही? वाटसरूला तांड्याजवळून जाऊ देत नाहीत. गेल्या साली एका पोस्टमनची पोटरी फाडली. ती जातच माणसावर येणारी. कोणत्याही हाकिमाला विचार.

मंजुळा : हाकिमाला कशाला? पाण्याला विचारा. परात भरून पाणी ठेवा जॉलीपुढं. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. त्यानं जीभ लावली तर तुमी म्हणाल तिथं अंगठा देते.

उत्तमराव : तो पाणी पीत नाही. दूध पितो.

मंजुळा : मग दूध ठेवा.

उत्तमराव : झोपलाय.

मंजुळा : मालक, वरून खरवडल्याचा आवाज येऊन राहिला. झोपलेलं कुत्रं दार खरवडत न्हाई.

उत्तमराव : ...मंजुळे, बस इथं. खाली बस. तुला काय पाहिजे ते एकदा ठरव. खरं पाहिजे का पास पाहिजे?

मंजुळा : दोन्ही पायजे.

उत्तमराव : दोन्ही नाही मिळत. हिंगोलीच्या डॉक्टरनं तुला काय सांगितलं? सांग बरं परत.

मंजुळा : म्हणले, हे औषध इथं न्हाई, हैद्राबादला न्या. पोटात चौदा सुया. गरिबाला रेल्वेचा पास फुकट, पर पोलीस पाटलाचा दाखला पायजे. अन् म्हणले, गालाला चावलंय, डोक्याजवळ हाय, दिवस दवडू नका. ईख डोक्यात चढलं की मग कोणाचंच औषध न्हाई.

उत्तमराव : आणि दाखल्यात काय पाहिजे?

मंजुळा : कुत्रं पिसाळलं होतं, असं.

उत्तमराव : "पिसाळलं होतं आणि मारून टाकलं", असं. दस्तूरच आहे तो. कागदावर कुत्रं मेलेलं लागतं. आता मी जॉलीला मारून तालुकदारसाहेबांना काय तोंड दाखवू? पुढच्या महिन्यात त्यांचा दौरा आहे. घोड्यावरून उतरले की आधी जॉलीची खबर घेतील, मग माझी. साहेबाच्या घरचं कुत्रं मी पिसाळलेलं म्हणून लिहू? माझी पाटीलकी राहील का?

मंजुळा : तुमची पाटीलकी अन् माझी पोरगी.

उत्तमराव : म्हणून तर सांगतो. दोन्ही वाचतील असा कागद लिहितोय. बाहेर टांगा उभा आहे ना?

मंजुळा : खाजा मिया टांगा जुंपून उभा हाय. पोरगी आतच बसलीय. त्यो म्हणला, भाडं राहू दे, दुपारची गाडी गाठू.

उत्तमराव : मग गाठा. ऊन डोक्यावर आलं. हा बघ, लखमाही आला. मीच बोलावलाय.

लखमा : रामराम, पाटील बापू. लाकडं उतरवू का आधी?

उत्तमराव : लाकडं राहू दे. ढाण्या कुठाय?

लखमा : चिंचेला बांधलाय. साखळीनं. परवापासून कुणाला जवळ येऊ दिलं न्हाई मी. जॉलीसंगं झोंबला ना तो. त्याला दात लागला असंल तर कळंल आपोआप.

उत्तमराव : तो पिसाळला आहे.

लखमा : न्हाई बापू. सकाळी भगुनंभर पाणी पिला.

उत्तमराव : कागदावर पिसाळला आहे.

लखमा : ...असं. याडी, माझे आई, तू काय सांगितलं यांना?

मंजुळा : मी जॉली म्हणले, लखमाभाऊ. मघापासून जॉलीच म्हणून राहिले.

लखमा : बापू, एक करा. दोन्ही बांधा. एकमेकांपास्नं दूर. दोघांपुढं पाणी ठेवा अन् दहा रोज थांबा. जो पील तो खरा. आमच्या तांड्यात असंच ठरवतात. कुत्रं काळं का गोरं, मोठं का बारकं, ते कुणी बघत न्हाई.

उत्तमराव : दहा दिवस? हिच्या पोरीपाशी आहेत का दहा दिवस? विचार तिला.

लखमा : न्हाईत.

उत्तमराव : मग मला ढाण्या पाहिजे. आत्ता. मेलेला.

मंजुळा : मालक, दुसरं कोणतं बी बेवारशी कुत्रं लिहा ना! गावात पन्नास फिरून राहिलेत.

उत्तमराव : चाळीस माणसांनी ढाण्याच्या तोंडाला रक्त पाहिलंय. उद्या पोलिसांचा अमीन चौकशीला आला तर लोक कोणाचं नाव घेतील? खोटं लिहायचं तर लोकांना खरं वाटेल ते लिहावं लागतं.

लखमा : पोरगी कशी हाय, याडी?

मंजुळा : टांग्यात बसलीय. गाल सुजलाय. तुला विचारत होती. म्हणते, ढाण्याला गूळ द्यायचा राहिला.

लखमा : ...घ्या, बापू. घ्या कुत्रं.

उत्तमराव : शाबास. मी म्हणत होतोच, लखमा समजदार आहे. आता इथं अंगठा दे. "माझं कुत्रं पिसाळलं होतं, मला कबूल." मालकाची कबुली असली की कागद पक्का. आणि तुझ्या मनगटाला ओरखडा आहे, तोही लिहितो. तुझाही पास काढून देतो. दोघं मिळून जा. झालं?

लखमा : कुत्रं घ्या. अंगठा न्हाई.

उत्तमराव : अरे! कुत्रं देतोस आणि अंगठा देत नाहीस? हे कसलं शहाणपण?

लखमा : त्याचा जीव माझ्या हातात हाय, म्हणून देतो. लेकरू जाऊन राहिलं म्हणून देतो. पर पिसाळला म्हणून मी सांगनार न्हाई. त्यानं पोरीला सोडवलं. अन् दुसरं, बापू, मला वाचता येत न्हाई, पर डोळे हायत. पल्याडच्या तांड्यात गेल्या साली एका कुत्र्यासाठी एका लमाणानं अंगठा दिला. चार रोजांनी शिपाई आले अन् तांड्यातली समदी कुत्री मारून गेले. आमी माळावर ऱ्हातो. भिंत न्हाई, दार न्हाई. कुत्री गेली तर बैल कोण राखंल?

उत्तमराव : मी एकच कुत्रं लिहितोय.

लखमा : मग कुणा एकाच्या अंगठ्यानं बी चालंल. माझा नको.

मंजुळा : लखमाभाऊ, तुझ्या मनगटाला जॉलीचाच दात लागलाय. मी पाहिलंय. दे अंगठा अन् चल माझ्यासंगं. पाया पडते तुझ्या.

लखमा : दात कुठला, ओरखडा हाय. बायकोनं, जिवनीनं, इळा तापवून डाग दिलाय त्याला. लाकडं फोडणारा माणूस मी, रोज एक ओरखडा. तू जा, याडी. तुझा अंगठा तू दे. लेकराची आई हाय तू, तुला कुणी नावं ठेवणार न्हाई.

उत्तमराव : तुझी मर्जी. उद्या म्हणू नकोस की पाटलानं विचारलं नाही. गड्याला, ग्यानबाला सांगतो, बंदूक घेऊन चिंचेपाशी जा म्हणून.

लखमा : मी धरतो बापू त्याला. अनोळखी माणसाला तो जवळ येऊ देनार न्हाई. ग्यानबाला चावला तर तुमचा कागद खरा व्हईल.

मंजुळा : लखमाभाऊ...

लखमा : टांगा बराबर जाऊ द्या पुलाकडून. चिंचेकडून नका नेऊ. पोरीला आवाज येईल.

उत्तमराव : गेला. हट्टी जात! आण तुझा हात. शाई लागू दे नीट... हं. उमटला. चांगला उमटला.

मंजुळा : झालं ना, मालक? जाऊ?

उत्तमराव : थांब, वाळू दे. शेवटची ओळ राहिली.

मंजुळा : अंगठ्यानंतर काय लिहून राहिले?

उत्तमराव : नेहमीचा मजमून. प्रत्येक कागदाला असतो. तू गाडीची फिकीर कर.

(साडेसहा वर्षांनी, थंडीच्या दिवसांत. वसमतच्या वाटेवर खडी फोडणाऱ्या बाया बसल्या आहेत.)

जिवनबाई : उभी काहून? काम पायजे तर मुकादमाला विचार. तो झाडाखाली हाय.

मंजुळा : काम नको. तुझ्याकडं आले, जिवनबाई. ओळखलं न्हाई? मंजुळा. उत्तमराव पाटलाच्या हळदीच्या आवारातली.

जिवनबाई : ओळखलं. म्हनून तर मुकादमाकडं धाडत होते.

मंजुळा : दोन गावं हिंडले तुला हुडकत. तांडा उठला, कुठं गेला ते कोणी सांगेना.

जिवनबाई : सांगून उठत न्हाई आमी. बोल. हात चालू ठिवते मी, खाडा पडंल न्हाईतर.

मंजुळा : नर्मदीचं लग्न हाय. येत्या पंचमीला. तुला लुगडं आणलंय. पोटाला चिमटा घेऊन घेतलंय, पाहा तरी. काठ चांगला हाय.

जिवनबाई : माझ्याकडं बघ. काय नेसलंय मी?

मंजुळा : ...घागरा.

जिवनबाई : लमानाची बाई लुगडं नेसत न्हाई. सोळा वर्सं माझा मानूस तुमच्या आवारात लाकडं टाकत व्हता, एवढंबी दिसलं न्हाई तुला?

मंजुळा : चुकलं. माझं चुकलं.

जिवनबाई : एकोनीस.

मंजुळा : काय एकोणीस?

जिवनबाई : कुत्री. ढाण्या येगळा. तू पोरगी घेऊन हैद्राबादेत व्हती तवा शिपाई आले बंदुका घेऊन. कागद वाचून दावला. "ही जात मानसावर येनारी हाय, सबब तांड्यातली समदी कुत्री मारावी." मी म्हनलं, अंगठा कुनाचा? माझ्या मानसानं दिला न्हाई. तर म्हनले, बाईचा हाय. मंजुळाबाईचा.

मंजुळा : मी एका कुत्र्यावर अंगठा दिला, जिवनबाई. ती ओळ त्यानं मागून घातली. मी विचारलं होतं. नेहमीचा मजमून म्हणला.

जिवनबाई : अंगठा एकाचा अन् एकोनीसाचा सारखाच उमटतो. पिल्लंबी मारली. डोळे उघडले नव्हते त्यांचे. मग काय! पंधरा रोजांत बिबट्यानं वासरं नेली. मग चोरांनी बैल नेले, तेबी दिवसाढवळ्या. भुंकायला कोन व्हतं? बैल गेल्यावर लाकडं कशानं वाहायची? आता ही खडी.

मंजुळा : मला कळलं ते परतल्यावर.

जिवनबाई : जाऊ दे. एक मातर कागदात खरं व्हतं. ढाण्या पिसाळलाच व्हता.

मंजुळा : कोण म्हणतं?

जिवनबाई : कोन म्हनायला कशाला पायजे? माझा मानूस गेला ना त्यानं. आखाजीच्या तोंडाला गेला. आधी मनगटाला मुंग्या येतात म्हनला. मग पानी पाहून वरडायला लागला. तांब्या नुसता वाजला तरी अंग ताठ व्हायचं. तिसऱ्या रोजी बाजेला बांधला आमी. मी बांधला. सुदीवर आला की एकच म्हनायचा, ढाण्या न्हाई, पाटलाचं कुत्रं, ढाण्या न्हाई.

मंजुळा : मग? तो सांगत होता ना तुला?

जिवनबाई : जीव व्हता त्याचा कुत्र्यावर. मला वाटलं, मरतानाबी पांघरून घालून राहिला. पाटलाचं कुत्रं तर जितं व्हतं. उन्हाळ्याचं हैद्राबादला धाडलंय, थंड बंगल्यात, असं पाटीलच सांगायचे. मग चावनारा कोन उरला? दोघं झोंबले, त्यात ढाण्याच चावला असंल मालकाला. समदा तांडा थुंकला त्या कुत्र्याच्या नावानं. मीबी थुंकले. अजून थुंकते. खाल्ल्या घरचे वासे मोजनारं कुत्रं!

मंजुळा : नको बोलू असं. जिवनबाई, मी लग्नाचं निमित्त करून आले. लग्नासाठी न्हाई आले. मला एक सांगायचंय.

जिवनबाई : सांग की. दगुड ऐकतात, मी काहून न्हाई ऐकनार.

मंजुळा : जॉली मेला होता. आमचा टांगा गेला त्याच राती मेला, माडीवर, तोंडाला फेस येऊन.

जिवनबाई : तुला कुनी सांगितलं?

मंजुळा : पाटलाच्या सुनेनं. हैद्राबादच्या दवाखान्यात. मी नर्मदीला घेऊन सुईच्या रांगेत बसले होते. तिसऱ्या दिवशी पाहते तर पुढं उत्तमराव, त्यांची सून अन् नातू. तिघंबी. पोटावरची कापडं सारून उभे.

जिवनबाई : पाटील? सुया घ्यायला?

मंजुळा : नातवाला ओरबाडलं होतं, सुनेचा हात चाटला होता, पाटलाला दार लावताना चावला होता. गावात कोर्टाचं काम सांगून गेले. चौदाच्या चौदा घेतल्या तिघांनी. दुसऱ्या दिवशी पाटील जवळ आले अन् म्हणले, गावात गेल्यावर तोंड उघडशील तर खोट्या कागदावर सरकारचा पास घेतला म्हणून तुलाच धरतील. अंगठा तुझा आहे.

जिवनबाई : थांब. हात थांबवते मी. तू कितव्या रोजी परतली?

मंजुळा : अठराव्या.

जिवनबाई : लखमा तवा जिता व्हता.

मंजुळा : व्हय.

जिवनबाई : भेटला व्हता तुला?

मंजुळा : टेसनावरून येताना, पुलापाशी. गाडीत लाकडं होती. नर्मदीला म्हणला, दाव किती सुया मारल्या. तिनं झंपर वर करून पोट दावलं. मोजायला लागला अन् आठावरच विसरला, हसला. तिला एक कवठ दिलं त्यानं.

जिवनबाई : अन् तू?

मंजुळा : मी हाताकडं पाहिलं त्याच्या. जखम भरली होती.

जिवनबाई : ते न्हाई विचारलं. तू काय बोलली?

मंजुळा : काही न्हाई बोलले.

जिवनबाई : काहून?

मंजुळा : पाटलाचं भ्या होतं. अन् तो धडधाकट दिसला. मला वाटलं, त्याला लागलंच नसंल. न्हाई, खरं सांगते. मला तसं वाटून घ्यायचं होतं, म्हणून वाटलं.

जिवनबाई : त्या रोजी सांगितलं असतं तर?

मंजुळा : डाक्टर म्हणले होते, ईख चढायच्या आधी नेला तर माणूस वाचतो.

जिवनबाई : किती रोज व्हते त्याच्यापाशी? तू मोजले असतील.

मंजुळा : एक महिना होता. एक महिना अन् दोन दिवस. मार मला. तो हातोडा हाय हातात, मार.

जिवनबाई : हातोडा मुकादमाचा हाय. ...त्यो पाटील काय करतो आता? निजाम गेला म्हनतात. त्याचं बी काही गेलं का?

मंजुळा : शेरवानी पेटीत गेली, एवढंच. टोपी घालतो आता, पांढरी. चावडीवर झेंडा त्यानंच लावला. भाषणात म्हणला, जुलमाचं राज्य संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या, सगळे वाजवून राहिले म्हणून. नवं कुत्रं आणलंय. बारकंच हाय, पांढरं.

जिवनबाई : अन् सून?

मंजुळा : हाय ना. नातू शाळेत जातो हिंगोलीला. एकदा वाटेत मला म्हणली, मंजुळाबाई, तुम्ही बोलला न्हाईत ते बरं झालं.

जिवनबाई : टांगेवाला व्हता ना एक? त्यानं पोरीला नेलं तो. लखमा त्याचं नाव घ्यायचा.

मंजुळा : खाजा मिया. भाडं घेतलं न्हाई त्यानं शेवटपर्यंत. लग्नात देते म्हणले होते. ह्या भादव्यात, फौज आली त्या धामधुमीत, टांगा ओढ्यात उलटा पडलेला सापडला. घोडं एकटं घरी आलं.

जिवनबाई : कुनी केलं?

मंजुळा : गावातल्यांनीच. विचारलं तर कोणीच पाहिलं न्हाई म्हणतात. त्याच्या टांग्यात बसला न्हाई असा एक माणूस न्हाई गावात. त्याची बायको खतीजाबी लेकरं घेऊन गेली भावाकडं.

जिवनबाई : पोरगी कशी हाय तुझी?

मंजुळा : बरी हाय. बेंबीभोवती डाग ऱ्हायलेत. मोठं कुत्रं दिसलं की त्याच्याकडं जाते, बारकं दिसलं की माझ्यामागं लपते. लोक हसतात. तिला मी यातलं काही सांगितलं न्हाई.

जिवनबाई : सांगूबी नको. तिनं काय केलंय!

मंजुळा : येशील का लग्नाला?

जिवनबाई : न्हाई.

मंजुळा : बरं.

जिवनबाई : ढाण्याला पुरला कुठं?

मंजुळा : आवारामागं. बांधाला बाभळी हायत, तिथं. लखमाभाऊनंच खड्डा खणला होता, ग्यानबा सांगायचा. वर दगड ठेवलाय एक.

जिवनबाई : चल, दाव मला.

मंजुळा : आत्ता? चार कोस हाय, जिवनबाई. खाडा पडंल.

जिवनबाई : लमानाच्या बाईला कोस सांगती? पडू दे खाडा. ऊठ.

मंजुळा : तिथं जाऊन काय करशील?

जिवनबाई : बसन जरा त्याच्यापाशी. तू लांब उभी ऱ्हा.